विषाद आणि दिवा

मनुष्याच्या अंतःकरणांतील विषाद त्याचा स्वतःचा कीं त्याच्या खिडकीबाहेरील आकाशाचा, हा प्रश्न आमच्यापुढें प्रथम एका घरगुती प्रसंगानें आला. आमच्या एका जुन्या स्नेह्यांची कन्या चार वर्षांपासून स्टॉकहोम येथें राहते. मुलगी बुद्धिमान, कष्टाळू, पुण्यास असतां पहाटे उठून टेकडीवर जाणारी. तेथील पहिला हिवाळा तिनें नवलाईंत काढला. दुसऱ्या हिवाळ्यांत तिचे दूरध्वनि कमी झाले; तिसऱ्यांत ती बोलेनाशी झाली. सकाळीं उठवत नाहीं, दहा-दहा तास झोपूनही शीण जात नाहीं, गोडधोड खाण्याची वासना आवरत नाहीं, केलेला सारा अभ्यास व्यर्थ वाटतो, असें ती आईजवळ म्हणाली. स्नेही घाबरून आमच्याकडे आले. आम्हीं त्या मुलीस चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांत धैर्याचा उपदेश होता, गीतेचा दुसरा अध्याय होता, परदेशीं एकाकी राहून मोठ्या पदास चढलेल्या पुरुषांचे दाखले होते; आणि आज आठवून लाज वाटते, त्यांत ‘मनाची दुर्बळता’ हे दोन शब्दही होते.

पत्राचें उत्तर आलें नाहीं. फाल्गुनांत ती आपोआप सावरली. पुढच्या कार्तिकांत तेथील डॉक्टरांच्या सल्ल्यानें तिनें एक मोठा पांढरा दिवा विकत घेतला, रोज सकाळीं न्याहारी करतांना अर्धा तास त्याच्यापुढें बसूं लागली, आणि दोन आठवड्यांत तिचा आवाज पूर्वीसारखा झाला. वडिलांस आनंद झाला, परंतु त्या आनंदांत एक कांटा राहिला. ते आम्हांस म्हणाले, “माझ्या पोरीचें दुःख जर विजेच्या दिव्यानें जात असेल, तर तें दुःख तरी कसलें? तुमचें माझें पत्र तिच्यापर्यंत पोहोंचलें नाहीं, आणि दिवा तेवढा पोहोंचला!” त्यांस त्या दिवशीं आम्ही उत्तर देऊं शकलों नाहीं. तें शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील वर्षांतला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो. स्टॉकहोम ५९ अंशांवर. तेथें डिसेंबरांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, घरांच्या छपरांवरून कसाबसा डोकावतो, आणि तीन वाजण्यापूर्वींच मावळतो. तेंही आकाश निरभ्र असेल तर. नॉर्वेंतील त्रोम्सो नगरांत तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाहीं. या ऋतूंत मन खचतें ही गोष्ट तेथील लोकांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक असली, तरी तिला रोगांच्या यादींत स्थान मिळण्याचा आरंभ झाला तो १९८४ सालीं. अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत काम करणारे नॉर्मन रोझेन्थाल व त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षीं, ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर जाणाऱ्या या विषादाचें वर्णन प्रसिद्ध केलें. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेंतील जोहान्सबर्गचे. उत्तरेकडे आल्यावर हिवाळ्याचा भार त्यांस स्वतःसही जाणवला होता. त्याच्या चार वर्षें आधीं, १९८० सालीं, आल्फ्रेड ल्यूई प्रभृतींनीं असें दाखविलें होतें कीं, रात्रीं माणसाच्या शरीरांत स्रवणारें मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य २,५०० लक्स इतका प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडल्यास दबतें. या शोधाच्या कथेंत एक रोगीही आहे. तो व्यवसायानें अभियंता होता; आपल्या मनाच्या भरती-ओहोटीचीं टिपणें त्यानें वर्षानुवर्षें ठेवलीं होतीं, आणि तीं घेऊन तो शास्त्रज्ञांकडे गेला. स्वतःच्या उदासीनतेचा जमाखर्च इतक्या शांतपणें लिहिणारा हा मनुष्य आम्हांस पुष्कळ तत्त्वज्ञांहून मोठा वाटतो.

‘लक्स’ हें प्रकाश मोजण्याचें माप. रात्रीं दिवाणखान्यांत ज्यास आपण लख्ख उजेड म्हणतों तो १०० ते ३०० लक्सांचा असतो. भर दुपारच्या उन्हांत हें मान १ लक्षापर्यंत जातें. डोळा दोहोंशीं सारखेंच जुळवून घेतो, म्हणून ही प्रचंड तफावत आपल्या ध्यानांत येत नाहीं. उपचाराचा दिवा ठराविक अंतरावर १०,००० लक्स प्रकाश देतो. त्याकडे टक लावून पाहावयाचें नसतें, डोळे उघडे ठेवून समोर बसून वाचावें, लिहावें, खावें. (ज्यांस डोळ्यांचा विकार आहे, किंवा ज्यांचें मन विषादाप्रमाणेंच अति उल्हासाच्या टोकासही जातें, त्यांनीं मात्र वैद्यास विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये.) २००२ सालीं डेव्हिड बर्सन व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, डोळ्याच्या पडद्यांत कांहीं पेशी अशा आहेत कीं ज्या स्वतःच प्रकाशास प्रतिसाद देतात, आणि ती वार्ता मेंदूंतील दिवसरात्रीच्या घड्याळास पोहोंचवितात. वस्तूंचें रूप दाखविणें हें त्यांचें मुख्य काम नव्हे. अर्थात् आपण ज्यास पाहणें म्हणतों त्याच्या मागें डोळ्याचें आणखी एक काम चाललेलें असतें, आणि त्याची आपणांस दादही नसते. कॅनडांत ९६ रुग्णांवर केलेली तुलना २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दिव्यापुढें बसणाऱ्यांपैकीं आणि फ्लुओक्सेटीन हें औषध घेणाऱ्यांपैकीं सारख्याच प्रमाणांत, शेंकडा ६७ लोकांस गुण आला.

हें सर्व नवें खरें, पण अगदींच नवें नव्हे. १८९८ सालीं ‘बेल्जिका’ नांवाचें बेल्जियन संशोधन-जहाज दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत अडकून पडलें. मे महिन्याच्या मध्यास सूर्य मावळला तो सुमारें दोन महिन्यांहून अधिक काळ उगवला नाहीं. माणसें पांढरीफटक पडलीं, नाडी अनियमित झाली, झोंप गेली, बोलणें खुंटलें. कांहींचें भान सुटलें. एक तरुण शास्त्रज्ञ त्या रात्रींतच मरण पावला. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यानें त्यांस पेंग्विन व सील यांचें ताजें मांस बळेंच खावयास लावलें, आणि त्याबरोबर एक विलक्षण उपाय केला: एकेकास कपडे उतरवून धगधगत्या शेगडीच्या उजेडांत तासभर उभें केलें. त्या आजारांत ताज्या अन्नाच्या अभावानें होणाऱ्या स्कर्व्हीचा भाग मोठा होता, आणि शेगडीच्या उजेडापेक्षां मांसानेंच अधिक गुण आला असावा, हें आज कोणीही सांगेल. परंतु आमचें लक्ष वेधतें तें निराळ्याच गोष्टीकडे. मरणाच्या दारांत बसलेल्या त्या खलाशांस कुकनें नामर्द म्हटलें नाहीं. सूर्य गेला आहे, तर सूर्याच्या जागीं काय ठेवतां येईल, एवढेंच त्यानें पाहिलें. या कुकची पुढील हकीगत मोठी चमत्कारिक आहे. १९०८ सालीं आपण उत्तर ध्रुवावर पोहोंचलों असा दावा त्यानें केला, तो जगानें मानला नाहीं. पुढें तेलाच्या शेअरांच्या लबाडीवरून त्यास १९२३ सालीं शिक्षा झाली. त्याच जहाजावर असलेला, आणि पुढें दक्षिण ध्रुव प्रथम गांठणारा, रोआल्ड आमुंडसेन मात्र त्यास तुरुंगांत भेटावयास गेला. ज्याच्या शब्दावर जगानें विश्वास ठेवला नाहीं त्याच्या हातावर त्या अंधारांत ज्यानें विश्वास ठेवला होता, त्यास तें विसरणें शक्य नव्हतें.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. दिव्यानें दुःख जातें यांत मनाचा अपमान आहे काय? ज्यांनीं मन आणि शरीर हीं दोन सर्वस्वीं भिन्न तत्त्वें मानिलीं, त्या देकार्तच्या अनुयायांस ही अडचण खरीच आहे. आम्हां भारतीयांस ती असूं नये. सांख्यांच्या मतें मन, बुद्धि आणि अहंकार हीं तिन्ही प्रकृतीचींच कार्यें. पुरुष तेवढा निराळा. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहावयास सांगतो, आणि मग वेद म्हणावयास सांगतो. बारा वर्षें घोकलेलें त्या मुलास कांहीं आठवत नाहीं. ‘आतां जेव,’ असें बाप म्हणतो. मुलगा जेवतो, आणि सर्व आठवूं लागतें. मन अन्नमय आहे हें सांगण्यासाठीं याहून सुंदर प्रयोग आजच्या प्रयोगशाळेंतही कोणी योजला नसेल. मन जर अन्नानें घडतें, तर तें प्रकाशानें कां घडूं नये?

परंतु हा विजय फार स्वस्तांत मिळाला, असें लिहितां लिहितां वाटतें. ज्या सांख्यशास्त्राचा आम्ही व्यासपीठावरून अभिमान बाळगतों, तें आमच्या घरांत किती शिरलें आहे? ज्वर आलेल्या मुलास आम्ही दुर्बळ म्हणत नाहीं. पण जी सून चार-चार दिवस अंथरुणांतून उठत नाहीं, जो मुलगा परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडून नुसता बसून राहतो, त्यांस आळशी, मनाचा हलका, नाटकी असें म्हणण्यास आमची जीभ अडखळत नाहीं. त्या वेळीं आम्ही सांख्य नसतों. आम्ही फौजदार असतों. आमचें तें चार पानांचें पत्र कोणत्या दर्शनाचें होतें, हें आतां निराळें सांगावयास नको.

याच्यापुढील प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. त्या अंधारांत त्या मुलीस जे विचार सुचले, कीं आपण उगाच येथें आलों, आपल्या विद्येचा कोणास उपयोग नाहीं, ते खोटे होते काय? दिवा युक्तिवाद करीत नाहीं. त्यानें तिचें एकही विधान खोडून काढलें नाहीं. आणि विषादांतील विचार जर अंधाराचे, तर उल्हासांतील विचार दिव्याचे. मग एकास खोटा आणि दुसऱ्यास खरा कोणत्या न्यायानें म्हणावयाचें? येथें अर्जुनाचें उदाहरण आम्हांस उपयोगी पडतें. त्याचीं गात्रें गळालीं, तोंड कोरडें पडलें, हातांतून धनुष्य निसटलें; लक्षणें पाहिलीं तर कोणताही वैद्य त्यास आजारी म्हणेल. तरीही त्याच्यासमोर दिवा नेऊन ठेवणें हें क्रौर्य झालें असतें, कारण त्याच्या दुःखास विषय होता. समोर आजा होता, गुरु होता, आणि त्यांस मारावें कीं नाहीं हा प्रश्न होता. ज्या दुःखास प्रश्न आहे त्यास उत्तर द्यावें लागतें, मग त्यास अठरा अध्याय लागोत. पुत्र गेलेल्या मातेस अर्ध्या तासाच्या प्रकाशानें हंसतां येऊं लागलें, तर आम्हांस आनंदापेक्षां भयच वाटेल.

मग त्या मुलीचें दुःख कोणत्या जातीचें? तिच्या आईनें सांगितलेली एक गोष्ट आम्हांस निर्णायक वाटली. दुसऱ्या हिवाळ्यांत ती म्हणे, येथें कोणी मित्र नाहीं म्हणून मन लागत नाहीं. तिसऱ्यांत मैत्रिणी मिळाल्या होत्या, तेव्हां अभ्यास फुकट गेला हें कारण झालें. कारणें दरवर्षीं बदलत. तिथि बदलत नसे. दुःखास आधीं विषय असतो आणि मग अश्रु येतात. येथें अश्रु आधीं आले, आणि मग ते विषय शोधीत घरभर हिंडले. असें दुःख खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. भोगणाऱ्यास तें पुरतें खरें असतें. पण त्यानें पुढें केलेले मुद्दे त्याचे साक्षीदार नसतात, भाडोत्री वकील असतात. दिवा त्या वकिलांशीं वाद घालीत नाहीं. तो खटलाच काढून घेतो. उल्हासाचेही असेच भाडोत्री वकील असतात हें खरें; आणि म्हणून एखादा विचार कोणत्या मनःस्थितींत सुचला हें पाहून त्याची किंमत ठरवितां येत नाहीं. तो दोन्ही ऋतूंत टिकतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. त्या मुलीस स्टॉकहोम सोडावयाचें असेल तर तिनें अवश्य सोडावें; पण तो विचार जूनमध्येंही उरला पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग शब्दांचें काय उरलें? उरलें, आणि तें कसें हें सांगणारी एक नोंद आहे. अमेरिकेंत व्हर्माँट विद्यापीठांतील केली रोहन यांनीं १७७ रुग्णांचे दोन गट केले. एकास दिवा दिला. दुसऱ्यास आठवड्यांतून दोन वेळां एकत्र बसवून हिवाळ्याविषयींचे आपले विचार व संवयी तपासावयास शिकविलें. त्या हिवाळ्यांत दोन्ही गटांस सारखाच गुण आला. परंतु दोन हिवाळे लोटल्यावर, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें, दिव्याच्या गटांत शेंकडा ४६ जणांस तोच विषाद पुन्हां झाला होता, दुसऱ्या गटांत २७ जणांस. अर्थात् बोलणें वायां जात नाहीं. मात्र तें आमच्या पत्रासारखें बोलणें नव्हे. त्यांत दाखले नसतात, थोर पुरुष नसतात. ‘आज सकाळीं उठल्याबरोबर मनांत काय आलें?’ असें तेथें विचारतात, आणि उत्तराची वाट पाहतात. शिवाय अक्षांश म्हणजेच सर्व कांहीं असेंही नाहीं. आइसलंडमध्यें सूर्य इतका दुर्मिळ असून तेथें या विकाराचें प्रमाण अपेक्षेपेक्षां कमी आढळलें. त्रोम्सोचे पुष्कळ लोक हिवाळ्यास संकट न मानतां मेणबत्त्या, ऊबदार खोल्या आणि स्कीवरील फेरफटके यांचा ऋतु मानतात. प्रकृति पुष्कळ कांहीं करते; सर्व करते असें म्हणणारास तेथें जाऊन राहावें लागेल.

आम्हांस स्वतःस या विषयानें जी टोंचणी लागली ती निराळीच आहे. आमची पहाटेची प्रसन्नता, कामाचा हुरूप, चिकाटी यांचें श्रेय आम्ही आजवर संस्कारांस देत आलों. कोणास ठाऊक, त्यांतलें निम्में श्रेय १९ अंशांच्या सूर्याचें असेल! जो मनुष्य त्रोम्सोंत डिसेंबरांत उठून, दांत घासून, मुलांस शाळेंत सोडून कामावर जातो, त्यानें त्या दिवशीं जितकें धैर्य खर्चिलें तितकें आम्हीं सबंध वर्षांत खर्चिलें नसेल. आणि ज्याचें धैर्य त्या दिवशीं पुरलें नाहीं, त्याच्या खात्यांत किती शिल्लक होती हें येथें बसून आम्हीं कसें ठरवावें?

तरीही दिव्याविषयीं एक शंका आमच्या मनांतून जात नाहीं, आणि ती नॉर्वेंतील र्‍यूकान या गांवानें अधिक स्पष्ट होते. हें गांव एका खोल दरींत आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तेथें ऊन पोहोंचत नाहीं. मनुष्यांनीं तेथें मोठी वस्ती केली ती सूर्यासाठीं नव्हे, धबधब्यासाठीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं साम आयदे या उद्योगपतीच्या कंपनीनें त्या पाण्यापासून वीज काढून खताचे कारखाने उभारले, आणि कामगार त्या सावलींत येऊन राहिले. डोंगरावर आरसा लावून गांवांत ऊन पाडण्याची कल्पना १९१३ सालींच निघाली होती, पण ती तेव्हां साधली नाहीं. म्हणून १९२८ सालीं कंपनीनें दोरीवरून चालणारी पाळण्याची गाडी बांधून दिली, कीं लोकांनीं वर जावें आणि ऊन घेऊन खालीं यावें. शेंवटीं २०१३ च्या ऑक्टोबरांत चौकाच्या सुमारें ४५० मीटर वर तीन आरसे बसले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि चौकांतल्या सुमारें ६०० चौरस मीटर जागेवर ऊन पाडतात. खर्चास विरोध करणारे लोकही त्या दिवशीं चौकांत आले म्हणतात. आम्हांस ही कथा आवडते, आणि तिची भीतिही वाटते. पाळण्याची गाडी ही कामगारांवरील ममता होती कीं त्यांस त्या दरींत ठेवण्याची युक्ति होती? दोन्ही असेल. आज मुंबईच्या कित्येक कचेऱ्यांत, बाहेर लक्ष लक्सांचें ऊन पडलेलें असतां, तरुण मंडळी सूर्योदयानंतर लगेच कांचेआड शिरतात आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडतात. उद्यां त्यांच्या टेबलावर कोणी असा दिवा ठेवील, आणि कामाचे तास मात्र तेच राहतील. ज्या दुःखाचें कारण सूर्य आहे त्यास दिवा हें उत्तर ठीक आहे; ज्याचें कारण मालक आहे त्यास दिवा देणें म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या तोंडांत साखर घालण्यासारखें आहे. स्टॉकहोमच्या त्या मुलीपाशीं दोन्ही कारणें थोडीथोडी असतील, आणि त्यांची वांटणी तिलाच करावी लागेल. येथून आम्हांस ती दिसत नाहीं.

गेल्या माघांत तिचें पत्र आलें. आमच्या पत्रास वर्षानें मिळालेलें हें उत्तर. तिनें लिहिलें आहे कीं, त्या वेळीं तिनें आमचें पत्र दुसऱ्या पानापर्यंतच वाचलें आणि खणांत टाकलें. या वर्षीं एकदां दिव्यासमोर बसून सबंध वाचलें. गीतेचा भाग आवडला, दाखले लांबले. दोन शब्द मात्र तिनें पेन्सिलीनें खोडून टाकले आहेत, राग मानूं नये. आम्हीं तें पत्र तिच्या वडिलांस मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यांनीं पुन्हां एकदां वाचावयास सांगितलें, आणि त्या ओळीशीं येतांच हात वर करून थांबविलें.

“तुमचे दोनच होते,” ते म्हणाले. “माझ्या पत्रांत ते पानोपानीं होते. तीं पत्रें तिनें ठेवलीं आहेत कीं नाहींत, तेवढें मला विचारून द्या.”